डोहहिरवा

आईचा आजार मणक्यापर्यंत पोचला आहे हे रणजितने फोनवर सांगितलं, तेव्हा हेमांगी समोरच्या संगणकाच्या पडद्याकडे बघत होती. पडदा गर्द हिरवा होता. जुन्या डोहाच्या काठी बसून आत डोकवावं, तळ दिसू नये, पण भीतीही वाटू नये, तसा. धाकटा भाऊ बोलता बोलता रडू लागला. हेमांगीला सगळं नीट कळत होतं. डॉक्टरांनी दिलेली मुदत कळत होती, आता इलाज म्हणजे फक्त दुखणं कमी ठेवणं, हेही कळत होतं. एकेक शब्द तिच्यापर्यंत येत होता आणि पाण्यावर पान पडावं तसा अलगद टेकून राहत होता.

"ताई, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. मी उद्या निघते. येताना मोठा पडदा घेऊन येते. आईला दुखणार नाही."

"तू रडत नाहीयेस," रणजित म्हणाला. त्याच्या बोलण्यात आरोप नव्हता, नुसतं नवल होतं.

"रडून काय होणार आहे?" ती म्हणाली, आणि ते तिला अगदी खरं वाटलं.

तो हिरवा रंग हेमांगीनेच शोधला होता. पुण्याला बाणेरच्या 'सावली' नावाच्या कंपनीत ती पडद्यांचं रूप ठरवायची. कुठलं बटण कुठे, अक्षरं केवढी, मागचा रंग कोणता, हे तिचं काम. ती नोकरीला लागली त्याच सुमारास नव्या जातीचे पडदे बाजारात आले होते. जुन्या पडद्यांत प्रत्येक ठिपक्यामागे तीन इवलेसे दिवे असत, लाल, हिरवा आणि निळा, आणि बाकीचे सगळे रंग त्यांच्या मिश्रणातून निघत. नव्या पडद्यांत चौथा दिवा आला. तोही हिरवाच, पण कमालीचा शुद्ध. शेजारच्या पिवळ्या-निळ्याची त्यात जराही भेसळ नव्हती.

एका इस्पितळाच्या अ‍ॅपसाठी पार्श्वभूमी हवी होती. हेमांगीने त्या चौथ्या दिव्याच्या शेकडो छटा लावून पाहिल्या आणि एका छटेवर तिचा हात थांबला. का थांबला ते तिला सांगता आलं नसतं. जेवणाची वेळ टळून गेली तरी ती त्या रिकाम्या हिरव्याकडे बघत बसली होती. कंपनीच्या प्रमुख शालिनी गुप्ते काहीतरी विचारायला तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या, आणि त्याही विचारायचं विसरल्या. पुढे नाव ठेवायची वेळ आली तेव्हा कुणीतरी 'गर्द' सुचवलं. गुप्तेबाई म्हणाल्या, "नको. गर्द म्हटलं की लोकांना नशेची पुडी आठवते." मग 'डोहहिरवा' ठरलं.

हे अ‍ॅप बघत बसलेले रुग्ण दुखण्याच्या गोळ्या कमी मागतात, हे पहिल्यांदा मिरजेच्या एका डॉक्टरांच्या लक्षात आलं. मग प्रयोग झाले, मोजमापं झाली आणि कारण हाती लागलं. डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारे निरोप वाटेत एका चौकीवर थांबतात. पाय मुरगळला, दाढ ठणकली, तरी तो निरोप त्याच चौकीवरून पुढे जातो. पांढरा, लाल, निळा, सगळेच रंग दृष्टिपटलावर विजेची लहानमोठी खळबळ उठवतात. शुद्ध हिरव्याची खळबळ सगळ्यांत कमी. आणि हा डोहातला हिरवा तर इतका संथ, की तो बराच वेळ डोळ्यांपुढे राहिला की चौकीच पेंगायला लागे. दुखण्याचे निरोप येत, पण पुढे जात नसत. वर शरीर आपली स्वतःची वेदनाशामक द्रव्यं आपणच पाझरू लागे. गोळी नाही, सुई नाही, नुसतं बघायचं.

काळजी, हुरहूर, दुसऱ्यासाठी जीव तुटणं, हेही निरोप त्याच चौकीवरून जातात. ही गोष्ट त्या प्रयोगांच्या अहवालात होती. ती तेव्हा कुणी फारशी मनावर घेतली नाही.

दोन-तीन वर्षांत डोहहिरवा सगळीकडे झाला. बँकांनी घेतला, शाळांनी घेतला, गाड्यांच्या काचेखालच्या पडद्यांवर तो आला. लोक रांगेत उभे असत आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुपारच्या झोपेतून नुकतं उठल्यासारखा भाव असे. बऱ्याच जणांना एकसारखी स्वप्नं पडायला लागली. उंच गवतातून चालल्याची, पाण्याखाली श्वास घेता येत असल्याची. पाणी दिवसाआड यायला लागलं तरी सोसायटीच्या सभा भांडणाविना वेळेत संपत. हेमांगीला हे सगळं चांगलंच वाटे. वर्षापूर्वी तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. निनाद तिच्यासमोर बसून बराच वेळ बोलला होता आणि शेवटी म्हणाला होता, "निदान भांड तरी माझ्याशी." तिने त्याला चहा घेणार का विचारलं. पुढे कधी तो आठवला तरी ते दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात घडल्यासारखं वाटे.

आई कोल्हापूरला राजारामपुरीत राहायची. वडील लवकर गेल्यावर तिने कॉलेजच्या मुलांसाठी खानावळ काढली आणि त्यावर दोघांना वाढवलं. मुलं तिला मालतीकाकू म्हणत, आणि काकूंच्या खानावळीत एखादा मुलगा जेवायला आला नाही, तर काकू कुणाला तरी त्याच्या खोलीवर पाठवत. ताप आहे का, घरून काही निरोप आलाय का, परीक्षेत काही झालंय का. खानावळ बंद होऊन कित्येक वर्षं झाली, पण डोक्याचे केस पिकलेले ते 'मुलगे' अजून येऊन तिला वाकून नमस्कार करत, आणि ती त्यांना वजन कमी झाल्याबद्दल बोलत असे.

हेमांगी पोचली तेव्हा आई पलंगावर कुशीवर आखडून पडली होती. तिने हेमांगीला बघितलं, हसायचा प्रयत्न केला आणि डोळे मिटून घेतले. रणजितने भिंतीला पडदा लावायला मदत केली. तो जवळच्याच एका हायस्कुलात गणित शिकवायचा. बायको आणि नऊ वर्षांची मुलगी जुई, असं त्याचं बिऱ्हाड याच घरात.

पडदा लागला. खोली हळूहळू हिरव्या काळोखाने भरली. भिंती मागे सरकल्यासारख्या झाल्या. पंख्याचा आवाज लांबून, झाडीतून येत असावा तसा वाटू लागला. बऱ्याच वेळाने आईची मूठ उघडली, मग खांदे सैल झाले.

"पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं वाटतंय गं," ती म्हणाली. "पंचगंगेला जायचो ना आम्ही, धुणं घेऊन. आईच्या बांगड्या वाजायलेत."

हेमांगीने तिच्या कपाळावर हात ठेवला. तिला समाधान वाटलं, गोल, गुळगुळीत समाधान. मागे दारात रणजित उभा होता.

"तुला काय दिसतं रे?" तिने विचारलं.

"नेहमीचंच. गढूळ चहा," तो म्हणाला.

रणजितला जन्मापासून हिरवा दिसत नसे. हिरव्याला साद देणाऱ्या पेशीच त्याच्या डोळ्यांत नव्हत्या. शंभर पुरुषांत एखाद-दुसरा असा असतो. लहानपणी तो कच्चे आणि पिकलेले टोमॅटो एकाच टोपलीत भरायचा म्हणून हेमांगी त्याला चिडवायची. आता घराघरांत, कचेरीकचेरीत हा रंग पसरल्यावर या माणसांची एक निराळीच जात तयार झाली होती. त्यांना राग येई, त्यांना झोप लागत नसे, सभेत तीच उठून उभी राहत. बाकीचे त्यांच्याकडे सहानुभूतीने बघत.

दिवस तसेच संथ जायला लागले. आई जेवू लागली, झोपू लागली. हेमांगी खोलीच्या कोपऱ्यात बसून पुण्याचं काम करायची. दोघी एकाच तळ्याच्या दोन काठांवर बसल्यासारख्या असत, बोलणं फारसं होत नसे.

एका संध्याकाळी जुई सायकलवरून पडली. हनुवटीला टाके पडले. रणजित तिला दवाखान्यातून घेऊन आला आणि सवयीने आधी आईच्या खोलीत गेला. या घरात कुणाला खरचटलं तरी ते आधी आईला दाखवायचं असे. जुई पलंगाशी जाऊन उभी राहिली.

आईने तिच्याकडे बघितलं. "लागलं होय," ती म्हणाली. "बरं." आणि तिची नजर परत पडद्याकडे गेली.

जुई थोडा वेळ तिथेच उभी राहिली, मग बाहेर गेली. रणजित स्वयंपाकघरात आला. हेमांगी कॉफी करत होती.

"ताई, तो पडदा काढ."

"तिला किती दुखत होतं ते तू बघितलंस."

"बघितलं. दोन महिने मीच बघत होतो. तू तेव्हा नव्हतीस." त्याने आवाज चढवला नव्हता. "आत जी बाई आहे ती माझी आई नाही. माझ्या आईने आज डॉक्टरचा जीव खाल्ला असता, टाके नीट घातले का म्हणून. आणि तू. तुला मी इतकं बोलतोय आणि तू दूध उतू जातंय का ते बघतेयस."

हेमांगी दूधच बघत होती. भाऊ दुखावला आहे हे तिला कळत होतं. परक्या भाषेतल्या शब्दाचा अर्थ माहीत असावा तसं ते कळणं होतं.

"तू दमलायस रणजित," ती म्हणाली. "जरा पड."

त्यानंतर चार दिवसांनी जे घडलं ते आईनेच घडवलं. एरवी तिला पलंगावरच पुसून काढत, पण त्या सकाळी तिने न्हाणीघरात नेऊन अंघोळ घालायला सांगितलं. हेमांगीने तिला खुर्चीवर बसवलं. न्हाणीघरात पडदा नव्हता. पांढऱ्या फरश्या, वरच्या झरोक्यातून येणारं कोवळं ऊन. केस धुवायला वेळ लागला, मग कोरडे करायला. आईचा चेहरा हळूहळू आवळायला लागला. हेमांगी घाईने टॉवेल गुंडाळू लागली.

"थांब," आई म्हणाली. तिने खुर्चीचा हात घट्ट धरला होता. "जुईला लागलं होतं ना?"

"हो. बरी आहे आता."

"मी काय विचारलंच नाही तिला. पोरगी माझ्यापुढं येऊन उभी होती आणि मी पाणी बघत बसले." आईचे डोळे भरून आले. हेमांगीने इतक्या दिवसांत त्या डोळ्यांत पाणी बघितलं नव्हतं. "हेमा, आत गेल्यावर ते लावू नको लगेच."

"आई, फार दुखेल."

"दुखू दे. ते माझं आहे." तिने श्वास घेतला. "मला तुमची कुणाची काळजीच वाटत नाही गं तिथं. आणि इथं बाहेर आलं की त्याचीच काळजी वाटते. मरायच्या आधी मला माझ्या पोरांची चिंता करू दे की जरा."

हेमांगीने खूप समजावलं. पण ती खानावळ चालवलेली बाई होती. ठरलं ते असं, की दुपारची जेवणं झाली की पडदा बंद करायचा आणि रिमोट आईच्या उशाशी ठेवायचा. सोसेनासं झालं की ती स्वतः लावेल, दुसऱ्या कुणी लावायचा नाही. आणि ती दुसरीही एक अट घालून मोकळी झाली.

"तूही बंद कर. फोन, ते तुझं काम, सगळं. मी बोलायला लागल्यावर समोर कुणीतरी ऐकणारं पाहिजे. दगडाशी काय बोलू?"

हेमांगीने रजा टाकली आणि फोनचा पडदा साध्या पांढऱ्यावर आणला. आईच्या अंगावरून हिरवा तासाभरात उतरत असे, कारण तो तिला नवा होता. हेमांगी त्यात काही वर्षं राहिली होती. पहिले काही दिवस तिला काहीच झालं नाही. नुसतं सगळं फार उजेडात असल्यासारखं वाटे, रंग टोचत, माणसांचे आवाज अंगावर येत. दुपारी आई कण्हत, थांबत बोलायची आणि ती समोर बसून ऐकायची. जुईला जवळ घेऊन आईने हनुवटीचा व्रण तपासला आणि डॉक्टरला नावं ठेवली. रणजितच्या बायकोला सांगितलं, की हा माणूस उपाशी असला की चिडतो, त्याला आधी खायला घाल आणि मग भांड. एकदा हेमांगीकडे बघून ती म्हणाली, "त्या निनादचं काय झालं, ते तू मला सांगितलंच नाहीस."

"काही नाही झालं. मोडलं."

"असं कसं काही नाही?"

हेमांगी उत्तर शोधत राहिली. ते सापडलं दुसऱ्या दिवशी, मेथी निवडताना. ओल्या मेथीचा वास आला आणि कसलाही संबंध नसताना तिला निनादचा चेहरा दिसला, 'निदान भांड तरी' म्हणतानाचा. तो रडवेला होता. तिने तेव्हा ते बघितलं होतं आणि तिच्यापर्यंत ते आत्ता पोचलं. त्याच्या मागोमाग दुसरं आलं, आई मरणार आहे हे. ते काही आठवड्यांपूर्वी फोनवर आलं होतं, पाण्यावर टेकून राहिलं होतं, आणि आता एकदम बुडालं. हेमांगी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली. रणजित शाळेतून आला तेव्हा ती मेथीच्या जुडीचं वर्तमानपत्र चुरगाळून त्यानेच तोंड पुसत होती. गालावर छापील शाई लागली होती.

तो तिच्या शेजारी खाली बसला आणि उरलेली मेथी निवडायला लागला. मग म्हणाला, "मला वाटलं होतं, मी एकटाच पडलो."

आईच्या दुपारी पुढे पुढे लहान होत गेल्या. कधी ती दोन वाक्यं बोले आणि तिचा हात रिमोटकडे जाई. कुणी तिला थांबवलं नाही, की घाईही केली नाही. शेवटच्या दुपारी तिने दोघांनाही जवळ बसवलं. बोलायला फार काही उरलं नव्हतं. रणजित जेवला का, एवढं तिने विचारलं. हेमांगीचा हात हातात घेऊन तो नुसता दाबत राहिली, दुखत होतं तसतसा जास्तच. मग म्हणाली, "चला. झालं माझं." आणि स्वतःच्या अंगठ्याने तिने पडदा लावला.

खोली हिरवी झाली. हेमांगीने पडद्याकडे पाठ केली आणि आईचा चेहरा बघत राहिली. दुखणं त्यावरून ओसरत गेलं. दिवेलागणीला आई गेली. हेमांगीला ते दुखलं, खोल आणि अखंड, आणि तिने ते दुखू दिलं.

दिवसकार्य आटोपून ती पुण्याला परतली तेव्हा कंपनीत मोठी बैठक होती. राज्यातल्या सगळ्या सरकारी कचेऱ्यांचे पडदे डोहहिरवे करायचं काम 'सावली'ला मिळायचं होतं. बैठकीच्या खोलीत एका अख्ख्या भिंतीवर छतावरच्या प्रोजेक्टरमधून तो रंग पडत होता. हेमांगी भिंतीकडे पाठ येईल अशा खुर्चीवर बसली.

तिने आपलं म्हणणं मांडलं. रंग राहू दे, पण तो काही वेळाने आपोआप विझावा. परत हवा असेल तर माणसाने स्वतःच्या हाताने लावावा. दुखणाऱ्याला तो मिळावा, पण कुणी नकळत त्यात राहू नये.

ती विरोधाची तयारी करून आली होती. विरोध झाला नाही.

"छान कल्पना आहे," गुप्तेबाई हसून म्हणाल्या.

"खरंच छान," केयूर म्हणाला. तो हिशेबी डोक्याचा, एरवी प्रत्येक गोष्टीत खोट काढणारा. "बघू या कधीतरी."

सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांच्या डोळ्यांत दुपारची तीच सुस्त, प्रेमळ ओल होती. कुणाला पटलं नव्हतं, कुणाला खटकलंही नव्हतं. तिचे शब्द एकेक करून पाण्यावर टेकत होते. हेमांगीला पहिल्यांदाच कळलं, की फोनवर रणजितला काय ऐकू आलं असेल.

ती उठली आणि तिने भिंत बंद केली. मागून साधा पांढरा गिलावा बाहेर आला, एका कोपऱ्यात ओलीचा डाग असलेला. रिमोट तिने टेबलाच्या मधोमध, सगळ्यांच्या हाताशी ठेवला. मग सर्वांना फोन पालथे ठेवायला सांगितलं. कुणी हरकत घेतली नाही. हरकत घ्यावी असं कुणाला वाटलंच नाही. ती परत बसली आणि बोलायला लागली. घाई न करता तिने सगळं सांगितलं. खानावळ, जुईची हनुवटी, न्हाणीघरातलं ऊन, आईचा अंगठा. मधे तिला रडू आलं तेव्हा ती थांबली, रडली आणि पुढे सांगू लागली. चहा आला, गार झाला. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत गेलं.

आधी कुणीतरी खुर्चीत चुळबुळ केली. मग केयूरने चष्मा काढला आणि गिलाव्यावरच्या डागाकडे बघत राहिला.

"माझे बाबा दिवाळीत पडले," तो म्हणाला. "खुबा मोडला. मी अजून गेलो नाहीये." त्याने सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं, कुणीतरी कारण सांगेल अशा आशेने. "मी का गेलो नाहीये?"

गुप्तेबाईंचा हात रिमोटकडे गेला, त्यावर टेकला आणि तिथेच थांबला. त्यांच्या कपाळावर एक आठी उमटली. इतक्या वर्षांत ती आठी कुणी बघितली नव्हती.

"हे तू आधी मला विचारायला हवं होतंस, हेमांगी," त्या म्हणाल्या. आवाजाला धार होती आणि त्या धारेने त्याच दचकल्यासारख्या दिसल्या. "लोकांना बंद करता येतो म्हटल्यावर हा रंग घेईल कोण? इथे दीडशे माणसांची पोटं आहेत. तू स्वतःच्या दुःखात काहीही करत सुटली आहेस. मला हे अजिबात, अजिबात मान्य नाही."

गुप्तेबाई चांगल्याच रागावल्या होत्या. हेमांगीच्या छातीवरचं ओझं उतरलं.

"बोला," ती म्हणाली आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली. "आता भांडू या."